घड्याळ झोपतं किती, ते बघा

मी पुण्यात छोट्या उपकरणांसाठी सॉफ्टवेअर लिहिते. माहेर देवासचं. तिथल्या पवार संस्थानिकांच्या राज्यात येऊन वसलेल्या मराठी घरांपैकी आमचं एक. काकांची शेती मात्र जिल्ह्याच्या दक्षिण अंगाला, नर्मदेच्या अलीकडे, लोहारद्याला. पावसाळ्यात सोयाबीन, थंडीत गहू आणि हरभरा. गेल्या काही वर्षांत घरातल्या बहुतेकांच्या मनगटावर स्मार्टवॉच आलं आणि 'कुठलं घ्यायचं' हा प्रश्न माझ्याकडे येऊ लागला. दुकानात सगळे एकच विचारतात, बॅटरी किती दिवस चालते? विचारावं असंच ते आहे. पण त्याचं उत्तर बॅटरीपेक्षा प्रोसेसरमध्ये जास्त दडलेलं असतं. ते शोधताना जे कळलं ते सांगते.

१. खोक्यावरचा एमएएचचा, म्हणजे बॅटरीच्या क्षमतेचा, आकडा एकटा काहीच सांगत नाही.

साध्या क्वार्ट्झ घड्याळातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. चिप ती थरथर मोजते आणि सेकंदाला एकदा काटा पुढे ढकलते. एवढ्या कामाला सुमारे एक मायक्रोअँपिअर प्रवाह पुरतो. त्यामुळे २८ एमएएचच्या आसपासचा, गोळीएवढा सेल दोन-तीन वर्षं जातो. स्मार्टवॉचमध्ये साधारण ३०० एमएएचची बॅटरी असते, तिचा व्होल्टेजही दुपटीहून जास्त. म्हणजे साठवलेली ऊर्जा पंचवीसपटीहून अधिक, आणि तरी अनेक घड्याळं दुसऱ्या दिवशी चार्जरवर असतात.

इथे कागद-पेन्सिल घेऊन एक भागाकार करून बघावा. ३०० एमएएच चोवीस तासांत संपली, तर घड्याळ सरासरी साडेबारा मिलिअँपिअर खातंय. तीच दहा दिवस पुरली, तर सव्वा मिलिअँपिअर. मनगटावर दहापट मोठी बॅटरी कुणी बांधू शकत नाही. कमी करता येतो तो खर्चच, आणि त्याची मर्यादा प्रोसेसर निवडला त्याच दिवशी ठरून जाते.

२. प्रोसेसर दोन कुळांतले असतात. दुकानात ही गोष्ट कुणी सांगत नाही.

पहिलं कूळ फोनचं. २०२१ची सॅमसंग गॅलेक्सी वॉच ४ घ्या. आत एक्सिनॉस डब्ल्यू९२० चिप, दीड जीबी रॅम, वर गुगलची वेअर ओएस. नकाशे, गाणी, बोलून दिलेली आज्ञा, बाहेरची ॲप्स, सगळं चालतं. पण ही रॅम अशा जातीची असते, की आतली माहिती टिकवण्यासाठी ती सतत ताजी करावी लागते. तुम्ही घड्याळाकडे बघत नसता तेव्हाही हा खर्च थांबत नाही.

दुसरं कूळ मायक्रोकंट्रोलरचं. पाइनटाइम नावाचं घड्याळ मला शिकवायला फार सोयीचं वाटतं, कारण त्याचं सगळं खुलं आहे. त्यात नॉर्डिकची एनआरएफ५२८३२ चिप आहे, वेग ६४ मेगाहर्ट्झ, रॅम ६४ केबी. गॅलेक्सीच्या दीड जीबीच्या पुढे ही रॅम चोवीस हजारांहून जास्त पटींनी लहान. तरी ते वेळ दाखवतं, पावलं मोजतं, नाडी मोजतं, फोनवरचे संदेश दाखवतं आणि दोनशेहून कमी एमएएचवर आठवड्याच्या आसपास चालतं. २०१२मध्ये लोकवर्गणीतून एक कोटी डॉलरहून जास्त रक्कम उभी करणारं पेबल याच कुळातलं. शाईच्या कागदासारखी दिसणारी त्याची स्क्रीन आणि आतला मायक्रोकंट्रोलर, दोघं मिळून छोट्याशा बॅटरीवर आठवडा काढत.

माझ्या कामात आम्ही प्रोसेसर किती वेगानं पळतो यापेक्षा काम उरकून किती लवकर परत झोपतो, ते मोजतो. मीटरवर आलेख लावला की दिसतं: बराच वेळ जमिनीला टेकलेली रेघ, मधूनच एखादा उंच सुळका. सुळक्यांची उंची थोडी वाढली तरी चालते, त्यांची संख्या वाढायला नको. सेकंदकाटा असलेली तबकडी लावली, की दिवसातून ८६,४०० वेळा आकडा बदलायला कुणीतरी जागं व्हायला हवं. फक्त तास-मिनिटं दाखवली तर १,४४० वेळा. म्हणून घरात कुणाचंही नवं घड्याळ हातात आलं, की मी आधी तबकडी बदलते.

३. नॅनोमीटर कमी झाले म्हणजे दिवस वाढतीलच असं नाही.

क्वालकॉमची २०१६ची वेअर २१०० ही घड्याळांची चिप २८ नॅनोमीटरची होती, २०१८ची ३१०० देखील २८चीच. २०२०ची ४१०० बारावर आली आणि २०२२ची डब्ल्यू५ प्लस थेट चारवर. बारीक घडणीची चिप कमी व्होल्टेजवर चालते, आणि चिप बदलताना खर्च होणारी ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. व्होल्टेज अर्ध्यावर आला तर खर्च पावपट. त्यामुळे फरक पडतो, यात शंका नाही.

पण वाचलेली ऊर्जा जाते कुठे? २०१५च्या पहिल्या ॲपल वॉचसाठी कंपनीनं १८ तास सांगितले होते. पुढची कित्येक वर्षं चिप बदलत गेली, वेगवान होत गेली, आणि नेहमीच्या घड्याळाचा आकडा १८ तासांवरच राहिला. सगळी बचत मोठ्या, सतत पेटत्या स्क्रीनला आणि नव्या सेन्सरांना मिळाली. ज्यांना ती हवी त्यांच्यासाठी हे ठीकच आहे. पण 'नवी चिप, जास्त दिवस' हे गणित गृहीत धरून कुणी पैसे घालू नयेत.

४. दोन प्रोसेसरांची घड्याळं ही या क्षेत्रातली मला सर्वांत पटलेली कल्पना.

शेताच्या राखणदारासारखं हे काम आहे. रात्रभर जागा तोच असतो, मालकाला उठवतो ते खरंच गरज पडली तर. घड्याळात एक छोटी, काटकसरी चिप वेळ, पावलं आणि नाडी सांभाळते आणि मोठी चिप झोपून राहते. नकाशा उघडला किंवा ॲप चालवलं, की मोठीला जाग येते. २०२४च्या वनप्लस वॉच २मध्ये स्नॅपड्रॅगन डब्ल्यू५च्या जोडीला बीईएस२७०० ही चिप आहे. प्रत्येकीची प्रणाली वेगळी, मोठीवर वेअर ओएस, धाकटीवर हलकी प्रणाली. बॅटरी ५०० एमएएचची आणि कंपनीचा दावा १०० तासांचा. वेअर ओएसच्या घड्याळांत दिवस-दीड दिवसाची सवय झालेल्यांना हा आकडा मोठा वाटला, आणि ते योग्यच होतं. मात्र नोटिफिकेशन धाकटीवर हाताळली जातात की प्रत्येक वेळी मोठीला उठवलं जातं, यावर सगळं अवलंबून असतं. हे काम सॉफ्टवेअरचं, म्हणून चिपचं नाव वाचून थांबू नये. महिनाभर वापरलेल्या माणसाला गाठून विचारावं.

आणि घरच्या, जातीच्या, कॉलनीच्या व्हॉट्सॲप गटांची नोटिफिकेशन घड्याळावर बंद करावीत. प्रत्येक 'सुप्रभात'ला ब्लूटूथ, थरथरणारी मोटर आणि स्क्रीन तिघं उठतात.

५. शहरातला आकडा लोहारद्यात चालत नाही.

काका फोन घरी किंवा पंपाच्या खोलीत ठेवतात आणि बांधावरून लांब जातात. ब्लूटूथ तुटलं की घड्याळ पुन्हापुन्हा हाका मारत राहतं. हाकांमधलं अंतर वाढवत नेणारं सॉफ्टवेअर असेल तर खर्च नगण्य, नसेल तर दुपारपर्यंत फरक कळतो. सिमवाल्या घड्याळांचं तर शेतात फारच कठीण. सिग्नल कमकुवत असला की रेडिओ जास्त जोर लावून बोलतो, आणि घड्याळातली अँटेना मुळातच लहान. शेतात जाताना एअरप्लेन मोड लावायचा, ही सवय काकांना लागली आहे.

गव्हाच्या दिवसांत पंपाची लाइट ठरलेल्या तासांत येते, पुष्कळदा रात्री. काकांना घड्याळ हवं होतं ते त्यासाठी. पाळीच्या वेळी मनगट थरथरावं, घरातल्या बाकीच्यांची झोप मोडू नये. म्हणाले, "अगं, मला त्यात गाणी नकोत, रात्री दोनला उठवेल एवढं बघ." या कामाला दीड जीबी रॅम लागत नाही. लागतं ते रात्री दोनला हमखास चालू असणारं घड्याळ. उलट भाच्याला पोलीस भरतीच्या धावण्यासाठी जीपीएस हवं. जीपीएस चालू असताना कुठल्याही घड्याळाचा खर्च अनेक पटींनी चढतो, म्हणून त्याच्यासाठी दिवसांचा आकडा न बघता जीपीएस लावून किती तास, तो आकडा बघितला. जाता जाता एक सांगते. चालत फिरून घड्याळाच्या जीपीएसनं बिघे मोजू नयेत. चूक काही मीटरची असते आणि लहान तुकड्यात ती फार मोठी होते.

६. उन्हात स्क्रीन दिसली पाहिजे.

अमोलेड स्क्रीनवर काळा ठिपका म्हणजे बंद ठिपका, म्हणून काळी तबकडी खरोखर बॅटरी वाचवते. पण मे महिन्याच्या दुपारी तीच स्क्रीन वाचायला उजेड वाढवावा लागतो आणि बचत जाते. गार्मिनच्या काही घड्याळांत किंवा जुन्या अमेझफिट बिपमध्ये उन्हाचाच प्रकाश परतवणारी स्क्रीन असते. रंग फिके, पण ऊन जितकं कडक तितकी ती स्पष्ट. शेतकऱ्यासाठी मी डोळे मिटून हीच निवडेन.

७. काटकसरी प्रोसेसर बॅटरीचं आयुष्यही वाढवतो.

हा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो आणि याबद्दल सगळ्यांत कमी बोललं जातं. लिथियम-आयन बॅटरी ३०० ते ५०० वेळा पूर्ण भरून रिकामी झाली, की तिची क्षमता साधारण ८० टक्क्यांवर येते. रोज चार्ज करावं लागणारं घड्याळ ३०० फेऱ्या वर्षाच्या आत पूर्ण करतं. दहा दिवसांनी चार्ज होणाऱ्याला त्याच ३०० फेऱ्यांना आठ वर्षं लागतील. बॅटरी नुसत्या वयानंही म्हातारी होते, त्यामुळे आठ वर्षं कुणी धरू नयेत. पण दोन वर्षांनी एक घड्याळ संध्याकाळपर्यंत दम तोडतं आणि दुसरं दहाऐवजी आठ दिवस चालतं, हा फरक खरा आहे.

त्यातून ही घड्याळं डिंकानं बंद केलेली. एचएमटीच्या क्वार्ट्झ घड्याळाचं मागचं झाकण गल्लीतला कारागीर उघडत असे आणि सेल बदलून देत असे. स्मार्टवॉचची बॅटरी बदलायला लोहारद्याहून इंदूर गाठावं लागतं आणि तिथेही स्वस्त घड्याळाला कुणी हात लावत नाही. युरोपीय संघानं २०२३च्या बॅटरी नियमावलीत ठरवलं आहे, की १८ फेब्रुवारी २०२७पासून छोट्या उपकरणांतली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता-बदलता यावी. पाण्यात वापरायच्या उपकरणांना त्यात काही सवलती आहेत. आपल्याकडे असा नियम व्हावा, असं मला मनापासून वाटतं. एका बॅटरीसाठी चांगली चिप, चांगली स्क्रीन आणि माणसाच्या कष्टाचे दोन-तीन हजार रुपये कचऱ्यात जाणं मला सहन होत नाही.

उष्णता या बॅटरीची वैरीण. ४५ अंशांच्या वर ती चार्ज करू नये, आणि आमच्याकडे उन्हाळ्यात ट्रॅक्टरवर ठेवलेली वस्तू त्याच्या पलीकडे सहज जाते. घड्याळ पहाटे, घरात, पंख्याखाली चार्ज करावं. रोज शंभर टक्क्यांचा आग्रह धरू नये आणि शून्यावरही नेऊ नये.

८. चार्जर जपा. बहुतेक कंपन्यांची चुंबकाची चकती निराळी, एकीची दुसरीला सहसा चालत नाही. लहान गावात हरवली तर घड्याळच गेलं.

९. आजारी माणसासाठी हिशेब उलटा करावा लागतो.

घड्याळाच्या मागे चमकणारा हिरवा दिवा नाडी मोजतो. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं आणि प्रत्येक ठोक्याला तो कमी-जास्त परततो. हा दिवा सतत ठेवायचा की दहा मिनिटांनी एकदा, यावर घड्याळाचे दिवस बदलतात. धडधाकट माणसाला दहा मिनिटं पुरेशी आहेत. पण देवासला आत्याचे ठोके अनियमित होतात. डॉक्टरांनी नोंद ठेवायला सांगितल्यावर तिच्यासाठी मी ईसीजी असलेलं, मोठ्या प्रोसेसरचं घड्याळ घेतलं. ॲपलनं २०१८च्या सिरीज ४पासून ही सोय दिली, पुढे इतरांनीही आणली. निदान डॉक्टरांचंच, घड्याळाचं काम फक्त नोंद करण्याचं. ते रोज चार्ज करावं लागतं हे पत्करलं. झोपेतली नोंद सुटू नये म्हणून रात्री ते हातातच असतं. आंघोळ आणि पूजा चालते तेवढा वेळ चार्जरवर, तेवढ्यात पुरेसं भरतं.

१०. दुकानात काय विचारावं.

स्वस्त घड्याळाच्या खोक्यावर चिपचं नाव बहुधा नसतंच. मग खुणा बघाव्यात. बाहेरची ॲप्स टाकता येतात का? रॅम जीबीमध्ये सांगतात का? बंद करून चालू केल्यावर उठायला मिनिटभर घेतं का? उत्तरं 'हो' असतील तर ते फोनच्या कुळातलं, दोन-तीन दिवसांच्या पुढे अपेक्षा नको. 'नाही' असतील तर मायक्रोकंट्रोलर. तिथे 'सात दिवस' लिहिलेलं असेल, तर ब्लूटूथ कॉलिंग चालू ठेवून किती, हे विचारावं. तो आकडा बारीक अक्षरांत असतो आणि पुष्कळदा दोनवर येतो. काकांच्या घड्याळात कॉलिंग आहे, पण घेतल्या दिवशीच आम्ही ते बंद केलं, आणि आता ते दर आठवडी बाजाराच्या दिवशी सकाळी चार्ज होतं.