वार्धक्य आणि आरोग्य : जरा वेगळी, व्याधी वेगळी



आमच्या शिरूर अनंतपाळ परिसरात म्हाताऱ्या माणसाचे काही दुखले-खुपले की एक वाक्य हमखास ऐकू येते : "वय झाले, आता असेच चालायचे." बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसते, परंतु या वाक्यामुळे बरे होण्याजोगे कितीतरी आजार अंगावर काढले जातात.

तथागतांनी सारनाथ येथील पहिल्या प्रवचनात दुःखाचे स्वरूप सांगताना जरा आणि व्याधी यांचा वेगवेगळा उल्लेख केला. जरा म्हणजे वार्धक्य. ते कोणालाच चुकत नाही. व्याधी म्हणजे आजार. त्याला कारण असते आणि पुष्कळदा उपायही असतो. हा भेद ओळखणे हेच वार्धक्यातील आरोग्याचे पहिले सूत्र होय.

केस पिकणे, कातडी सुरकुतणे, चाळिशीनंतर जवळचे अक्षर न दिसणे, स्नायूंची ताकद हळूहळू कमी होणे, ही जरेची लक्षणे. परंतु पायावर सूज येणे, चालताना दम लागणे, जखम न भरणे, वजन अचानक घटणे, ओळखीची वाट चुकणे, हे केवळ वयामुळे होते असे मानू नये, तपासून घ्यावे. रक्तदाब तर बहुधा कोणतेही लक्षण न दाखवता वाढतो. मोतीबिंदू पूर्ण पिकेपर्यंत थांबावे, ही समजूतही आता जुनी झाली आहे.

आहाराविषयी त्रिपिटकात कोसलचा राजा प्रसेनजित याची कथा आहे. तो अति जेवत असे व त्याला धाप लागत असे. तथागतांनी त्याला मिताहाराचा उपदेश केला. राजाने तो उपदेश जेवणाच्या वेळी रोज ऐकवण्यास एका तरुणाला सांगितले, आहार हळूहळू कमी केला आणि त्याचे शरीर हलके झाले. आपल्याकडे मात्र उलट स्थितीही आढळते. दात गेले म्हणून म्हातारी माणसे चहा-भाकरीवर दिवस काढतात आणि स्नायू आणखी झिजतात. त्यांना घट्ट वरण, मऊ भाकरी, अंडी, पालेभाजी द्यावी. उतारवयात तहानेची जाणीव मंदावते. म्हणून मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी द्यावे. तंबाखू व मिश्री सोडावी. झेपेल तेवढे रोज चालावे. न्हाणीघरात पाय घसरणार नाही अशी व्यवस्था करावी.

डॉ. बाबासाहेबांना मधुमेहाने ग्रासले होते. १९५६ साली, वयाच्या अवघ्या ६५ व्या वर्षी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. आज रक्तातील साखर गावाजवळच्या आरोग्य केंद्रातही तपासता येते. ही सोय असून न वापरणे योग्य नव्हे.

शेवटी विद्यार्थ्यांना दोन शब्द. १९७८ साली मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरासाठी जे विशीतील तरुण रस्त्यावर उतरले, ज्यांची घरे जाळली गेली, ते आज सत्तरीच्या घरात आहेत. १९९४ साली नामविस्तार झाला. तुमच्या शिक्षणामागे त्यांचे कष्ट आहेत. कित्येकांची मुले पुण्या-मुंबईला कामाला गेली असून ते घरी एकटे आहेत. एका आजारी भिक्षूला तथागतांनी स्वतः अंघोळ घातली आणि जो रुग्णाची सेवा करील त्याने माझीच सेवा केली, असे संघाला समजावले. म्हणून आपल्या गल्लीतील एका तरी वृद्धाला या महिन्यात तपासणीला घेऊन जा आणि पौर्णिमेला विहारात हाताला धरून आणा. वंदना तर होईलच, चार माणसांत बोलणेही होईल. एकटेपणावर तेही औषध आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!