एक एकराचा हिशेब

धाराशिव हा अवर्षणप्रवण जिल्हा होय. येथील अल्पभूधारक जेव्हा सर्व जमिनीत सोयाबीनसारखे एकच नगदी पीक घेतो, तेव्हा बियाणे, खते व औषधे यांचा खर्च आधी होतो. उत्पन्न मात्र पावसावर आणि बाजारभावावर अवलंबून राहते. शिवाय घरची डाळ व भाजी विकत घ्यावी लागते ती निराळीच.

२०१२ नंतरच्या दुष्काळांत जिल्ह्यातील अनेक महिलांनी यावर मार्ग काढला. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी कुटुंबाकडून अर्धा ते एक एकर जमीन मागून घेतली. तीत तृणधान्ये, कडधान्ये व भाजीपाला अशी मिश्र पिके घेतली. शेणखत, गांडूळखत व घरचे बियाणे वापरल्याने खर्च घटला. एक पीक गेले तरी दुसरे हाती लागते. घरची गरज भागवून उरलेला माल आठवडे बाजारात जातो. उस्मानाबादी शेळीची जोड मिळाल्यास खत व रोख रक्कम दोन्ही लाभतात. २०१७ मध्ये या कार्याला संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार लाभला.

वाचलेला खर्च हाही नफाच होय, हा यातील धडा. तथापि, राबणाऱ्या स्त्रीचे नाव सातबाऱ्यावर नसेल, तर पीककर्ज मिळणे तिला कठीण जाते. पतीच्या संमतीने पत्नीचे नाव सहधारक म्हणून लावण्याची सोय लक्ष्मी मुक्ती योजनेने १९९२ मध्येच केली. ग्रामसभेत ही माहिती देणे, हे पंचायत सदस्यांचे व शिक्षकांचे कर्तव्य ठरते.