बाबराची बोली आणि विजापूरची मराठी

मध्ययुगीन भारताचा इतिहास अभ्यासताना आपण सनावळ्या पाठ करतो. पानिपत १५२६, खानवा १५२७, तालिकोट १५६५. राजा गादीवर केव्हा आला, कोणाशी लढला आणि केव्हा वारला, एवढे लिहिले की प्रश्न सुटतो. बी. ए. च्या दुसऱ्या वर्षी या राजांची नावे पाठ करताना मला एक अगदी घरगुती शंका आली. ही माणसे आपल्या घरात कोणत्या भाषेत बोलत असतील? आईला हाक कशी मारत असतील, नोकरावर कोणत्या भाषेत रागावत असतील? या शंकेच्या मागे लागल्यावर जे हाती आले ते प्रस्तुत लेखात मांडत आहे.

प्रथम ‘तुर्क’ या शब्दाविषयी. आपल्या जुन्या मराठीत हा शब्द सैल अर्थाने वापरला जाई. संत एकनाथांचा ‘हिंदू-तुर्क संवाद’ प्रसिद्ध आहे. त्यातला तुर्क म्हणजे केवळ मुसलमान. त्याचा तुर्कस्तानाशी किंवा तुर्की भाषेशी संबंध असलाच पाहिजे असे नाही. इतिहासात मात्र तुर्क म्हणजे मध्य आशियातील तुर्की भाषा बोलणाऱ्या टोळ्या आणि त्यांच्यातून निघालेली घराणी. बाबराचे तैमूरी घराणे हे त्यांपैकी एक. इराण-अझरबैजानकडील कारा कोयुनलू हे दुसरे. या नावाचा अर्थ ‘काळ्या मेंढ्यांवाले’ असा आहे. एवढ्या पराक्रमी टोळीचे नाव मेंढ्यांवरून पडावे, याची मला गंमत वाटली. गोवळकोंड्याच्या कुतुबशाहीचा संस्थापक सुलतान कुली याच मेंढ्यांवाल्यांच्या घराण्यातला. अकबराचा पालक बैरामखान हाही त्यांच्याच बहारलू शाखेतला. म्हणजे दिल्लीकडचे आणि दख्खनचे तुर्क मुळात फार दूरचे नव्हते.

या लोकांची भाषा तुर्की असली तरी मान फार्सीला होता. काव्य फार्सीत, दरबार फार्सीत. तुर्की ही घोड्यावरची आणि चुलीजवळची भाषा. हेरात येथील कवी अलीशेर नवाई (१४४१–१५०१) याला हे सहन झाले नाही. त्याने आयुष्यभर तुर्कीत लिहिले आणि १४९९ साली तुर्की भाषा फार्सीपेक्षा कशी समर्थ आहे हे सांगणारा स्वतंत्र ग्रंथच रचला. हे वाचताना मला आपल्या विदर्भातील महानुभावांची आठवण झाली. संस्कृताचा दबदबा असतानाही त्यांनी तेराव्या शतकात मराठीचा आग्रह धरला आणि ‘लीळाचरित्रा’सारखा गद्यग्रंथ साध्या बोलीत निर्माण झाला. नवाईच्या दोनशे वर्षे आधीची ही गोष्ट आहे.

बाबराचा जन्म १४८३ साली फरगाणा प्रांतातील अंदिजान येथे झाला. वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षी त्याला गादी मिळाली, समरकंद त्याने जिंकले आणि गमावले, पुढे काबूलला आला आणि १५२६ मध्ये पानिपतावर इब्राहीम लोदीचा पराभव करून दिल्ली-आग्र्याचा मालक झाला. हा भाग सर्वांना माहीत आहे, म्हणून तो येथेच सोडते. माझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की बाबराला फार्सी उत्तम येत असूनही त्याने आपले आत्मचरित्र तुर्कीत, म्हणजे चगताई तुर्कीत लिहिले. त्यात लढाया आहेत तसे खरबूज आहेत, पक्षी आहेत, नातेवाईकांचे स्वभाव आहेत. बादशहाने लिहिलेले पुस्तक इतके साधे असेल असे मला वाटले नव्हते.

१५२८ साली बाबराने आपला मुलगा हुमायून याला पाठवलेले एक पत्र या आत्मचरित्रात आले आहे. त्यात तो मुलाला चक्क शुद्धलेखनाबद्दल रागावतो! तुझे पत्र मुश्किलीने वाचता येते, शब्द चुकीचे लिहितोस, आणि अर्थ कळत नाही याचे कारण तू उगीच अलंकारिक लिहितोस, यापुढे साध्या आणि स्वच्छ शब्दांत लिही, अशा आशयाची ही कानउघाडणी आहे. जवळजवळ पाचशे वर्षांपूर्वीचा बाप इतका आपल्या ओळखीचा निघतो. मात्र मला दुसरेही काही दिसले. ज्या भाषेत बाप ओघाने लिहितो, त्याच भाषेत लिहिताना मुलगा अडखळतो आहे. भाषा हातातून सुटायला सुरुवात दुसऱ्या पिढीतच झालेली होती काय, असे मनात आल्याखेरीज राहत नाही.

हुमायूनचा मुलगा अकबर. त्याच्या काळापर्यंत दरबार पूर्ण फार्सी झाला होता. आजोबांचे पुस्तक सर्वांना वाचता यावे म्हणून अकबराने ते फार्सीत आणण्याचे काम बैरामखानाच्या मुलाला सांगितले. हा मुलगा म्हणजे अब्दुर्रहीम खानखानान. शाळेत हिंदीच्या पुस्तकात ज्याचे दोहे आपण सर्वांनी पाठ केले तो रहीम तो हाच. १५८९ मध्ये त्याने बाबरनाम्याचे फार्सी भाषांतर अकबराला सादर केले. बाप बैरामखान तुर्की आणि फार्सीत कविता करणारा. मुलगा तुर्कीतून फार्सीत भाषांतर करणारा. आणि स्वतःच्या मनातले सांगायची वेळ आली तेव्हा हा मुलगा ब्रज भाषेकडे वळला. याचे एक कारण मला त्याच्या आईत दिसते. रहीमची आई मेवातच्या जमालखानाची मुलगी होती. १५६१ साली बैरामखानाचा गुजरातेत पाटण येथे खून झाला तेव्हा रहीम चार वर्षांचा होता. तुर्की शिकवणारा बाप गेला आणि मेवाती बोलणारी आई उरली.

हा रहीम आपल्या मुलखात आला, हे आपल्या अभ्यासक्रमात फारसे येत नाही. १५९६ मध्ये अहमदनगरच्या तहात चांदबिबीने वऱ्हाड मोगलांना दिले. पुढच्याच वर्षी, १५९७ च्या सुरुवातीस, गोदावरीच्या परिसरात सोनपेठजवळ मोठी लढाई झाली. मोगलांचा सेनापती रहीम होता. समोर विजापूर, गोवळकोंडा आणि अहमदनगर यांच्या एकत्र फौजा, आणि त्यांचा सेनापती विजापूरचा सुहेलखान. रहीमला जय मिळाला. पुढे कितीतरी वर्षे त्याचा मुक्काम बऱ्हाणपुरास होता आणि त्याचा मुलगा शाहनवाजखान वऱ्हाडात बाळापूरला छावणी करून होता. बाळापूर म्हणजे आपल्या अकोला जिल्ह्यातले.

सुहेलखानाला ज्याने पाठवले तो विजापूरचा सुलतान म्हणजे दुसरा इब्राहीम आदिलशहा (१५८०–१६२७). येथे माझ्या शंकेला सर्वांत चांगले उत्तर मिळाले.

आदिलशाहीचा संस्थापक युसुफ. तो उस्मानी तुर्कांच्या राजघराण्यातला होता अशी कथा इतिहासकार फिरिश्ता सांगतो. फिरिश्ता हा विजापूरच्याच पदरी होता, तेव्हा धन्याचे कुळ मोठे करून सांगणे त्याला भागच होते. आजचे इतिहासकार या कथेवर विश्वास ठेवत नाहीत. पण युसुफ बाहेरून आलेला होता आणि त्याच्या घराला तुर्की-इराणी रिवाजाचा अभिमान होता, यात शंका नाही. या युसुफाने लग्न केले ते मुकुंदराव नावाच्या मराठा सरदाराच्या बहिणीशी. त्यांचा मुलगा इस्माईल. बापाच्या इच्छेनुसार या मुलाला दख्खनी लोकांपासून दूर ठेवून त्याच्या आत्येने, दिलशाद आगाने, वाढवले. फिरिश्ता लिहितो की इस्माईलला तुर्की आणि इराणी चालीरीती, संगीत आणि भाषा प्रिय होत्या आणि दख्खनी भाषा तो क्वचितच बोले. आई मराठी असताना मुलाला तिच्या भाषेपासून जपून दूर ठेवलेले दिसते. या बाईला काय वाटले असेल, याची नोंद करणे कोणत्याही बखरकाराला आवश्यक वाटलेले नाही.

पण ही तटबंदी फार टिकली नाही. इस्माईलचा मुलगा पहिला इब्राहीम १५३४ मध्ये गादीवर आला आणि त्याने बापाचे धोरण उलटे केले. परदेशी सरदारांना कमी केले, दख्खनी लोकांना वर आणले आणि हिशेबाचे दप्तर फार्सीऐवजी देशी भाषेत ठेवायला लावून ते ब्राह्मण कारकुनांच्या हाती दिले. राज्याच्या पश्चिम मुलखात ही देशी भाषा म्हणजे मराठीच. आणि त्याचा नातू दुसरा इब्राहीम. १६०४ च्या सुमारास अकबराचा वकील असदबेग विजापूरला गेला होता. सुलतानाला फार्सी समजते पण ती तो तोडकीमोडकी बोलतो आणि आपल्या माणसांशी मुख्यतः मराठीत बोलतो, असे या वकिलाने नोंदवले आहे. त्या दिल्लीकर मुत्सद्द्याला ते विचित्र वाटले असणार.

युसुफापासून मोजले तर ही पाचवी पिढी. युसुफ, इस्माईल, पहिला इब्राहीम, त्याचा मुलगा तहमास्प आणि दुसरा इब्राहीम. पाच पिढ्यांत तुर्की-फार्सीची जागा मराठीने आणि दख्खनीने घेतली. याच इब्राहीमने संगीतावरचा ‘किताब-ए-नौरस’ हा ग्रंथ दख्खनीत लिहिला. असदबेग विजापूरला आला होता तो इब्राहीमच्या मुलीला अकबराचा मुलगा दानियाल याच्यासाठी घेऊन जाण्याकरिता. हे लग्न १६०४ मध्ये गोदावरीकाठी पैठणजवळ लागले. दानियाल हा आधीच रहीमचा जावई होता! एकनाथांना जाऊन तेव्हा पाच वर्षे झाली होती. ‘हिंदू-तुर्क संवादा’च्या गावाजवळ मराठी बोलणाऱ्या सुलतानाची मुलगी बाबराच्या पणतूला दिली गेली.

यावरून हे राजे मोठे प्रेमळ होते असा अर्थ कोणी काढू नये. राजा मराठी बोलला म्हणून रयतेचा सारा माफ झाला नाही. बाबराला तर हिंदुस्थानात आवडण्यासारखे फारच थोडे सापडले, आणि जिंकल्यावर शत्रूंच्या शिरांचे मनोरे रचल्याचे तो स्वतःच लिहितो. वऱ्हाड-मराठवाड्याच्या शेतांतून या सर्व फौजा गेल्या तेव्हा पिकांचे काय झाले असेल ते सांगायला नको. मला फक्त एवढे म्हणायचे आहे की भाषा तलवारीच्या हुकमात राहत नाही. आई, दाई, कारकून, माळी यांच्या तोंडून ती वाड्यात शिरते.

शब्दांचे जाणे-येणेही असेच. तोफ, चाकू, कैची, चकमक, बेगम हे मूळचे तुर्की शब्द. शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकानंतर रघुनाथपंतांकडून ‘राज्यव्यवहारकोश’ करवून घेतला. त्यात परकी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिलेले आहेत आणि शब्दसंख्या सुमारे १४०० आहे. तो फार मोठा उद्योग होता. तरी तोफ आणि कैची हे शब्द मराठीतून गेले नाहीत. लकडगंजच्या आरा मशीनवर माझे बाबा कामाला आहेत. छपराच्या लाकडी सांगाड्याला तेथे सर्वजण ‘कैची’ म्हणतात. चंद्रपूरकडचे सागवान, भंडाऱ्याकडचे मजूर आणि मध्य आशियातला शब्द, अशी ती कैची उभी राहते.

येथे थोडे स्वतःविषयी लिहिण्याची परवानगी घेते. आमच्या घरी झाडीपट्टीची बोली बोलतात. आजी ‘पानी’ म्हणते, ‘पाणी’ नव्हे. ‘काय करून राहिली?’ असे आम्ही विचारतो. शाळेत असताना हे वाक्य माझ्या तोंडून गेले आणि एका शिक्षकांनी ते सर्व वर्गाला पुन्हा म्हणून दाखवले. त्यानंतर मी घराबाहेर तसे बोलत नाही. हा लेखही मी प्रमाण भाषेत लिहिला आहे, कारण परीक्षा याच भाषेत आहे आणि मला ही भाषा आवडतेही. पण आदिलशहांना एक भाषा सोडून दुसरी घ्यायला पाच पिढ्या लागल्या. आमच्या घरात हे एकाच पिढीत होऊन राहिले आहे. कॉलेजात येणारी घरातली मी पहिलीच. आजीच्या तोंडचे कित्येक शब्द माझ्या धाकट्या भावाला कळतच नाहीत, आणि हे ऐकून तीच कौतुकाने हसते.

दुसरा इब्राहीम, जहांगीर आणि रहीम हे तिघेही एकाच वर्षी, १६२७ मध्ये वारले. जहांगीरची आई राजपूत. तरी १६०७ साली काबूलला असताना बाबराच्या हस्तलिखितावर त्याने स्वतःच्या हाताने तुर्कीत मजकूर लिहिला, आणि हिंदुस्थानात वाढलो असलो तरी मला तुर्की बोलता-लिहिता येते असे आपल्या आत्मचरित्रात मुद्दाम नोंदवले. ते आत्मचरित्र मात्र फार्सीत आहे.

बाबराच्या मूळ तुर्की ग्रंथाची पुढची हकीकत अशी. रहीमच्या फार्सी भाषांतराच्या प्रती खूप झाल्या आणि तुर्की पोथ्या दुर्मिळ झाल्या. १८२६ मध्ये इंग्रजी भाषांतर निघाले तेही मुख्यतः फार्सीवरूनच. मूळ तुर्कीची चांगली प्रत सापडेना. ती अखेर मिळाली दख्खनमध्ये, हैदराबादच्या सर सालारजंग यांच्या संग्रहात. ॲनेट बेव्हरिज या विदुषीने १९०५ साली त्या पोथीची छायाप्रत प्रसिद्ध केली आणि तिच्यावरून थेट तुर्कीतून इंग्रजी भाषांतर केले. ते १९२२ पर्यंत पूर्ण झाले. समरकंद नाही, काबूल नाही, आग्राही नाही. फरगाण्याच्या त्या घरगुती बोलीतले पुस्तक आपल्या नागपूरहून एका रात्रीच्या गाडीच्या अंतरावर जपून ठेवलेले होते.