पाणचक्की

मराठवाड्यातील उन्हाळा किती प्रखर असतो, हे तेथील मुलांना सांगावयास नको. वैशाखाच्या भर दुपारी दगड तापून हात लावू देत नाही आणि विहिरींचे पाणी तळास जाते. अशा या प्रदेशात, २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या औरंगाबाद शहरी, खाम नदीच्या काठी एक जुनी वास्तू आहे. तिचे नाव पाणचक्की.

बाबा शाह मुसाफिर या सूफी संतांचा दर्गा येथे आहे. त्याच्या आवारात फकीर, अनाथ व वाटसरू यांना अन्न आणि आसरा मिळे. एवढ्या लोकांना रोज किती पीठ लागत असेल, आणि ते हाताने दळावयाचे म्हणजे केवढे कष्ट! इ. स. १७४४ मध्ये तुर्कताजखान नावाच्या सरदाराने येथे पाण्याच्या बळावर फिरणारे जाते बसविले.

पण पाणी आणावयाचे कोठून? हर्सूलच्या बाजूस, उंचावरील भागात, जमिनीखालचे पाणी गोळा करून ते खापराच्या नळांतून शहरापर्यंत आणले गेले. वाटेत ना पंप, ना इंजिन. सारा प्रवास उताराच्या जोरावर. बंद नळातील पाणी आपल्या मूळ पातळीपर्यंत चढू पाहते, हे कारागीर पुरते जाणून होते. म्हणूनच पाणचक्कीपाशी ते पाणी एका उंच भिंतीत चढते आणि तेथून शुभ्र धारेने खाली हौदात कोसळते. याच पाण्याच्या झोताने आडव्या चाकाची लोखंडी पाती फिरतात. त्या चाकाचा कणा जात्याच्या वरच्या तळीला जोडलेला आहे. चाक फिरले की तळी फिरते.

मला मात्र जात्याहून मोठे नवल वाटते ते हौदाचे. तो सुमारे वीस वर्षांनी जमील बेगखान याने बांधविला. त्याची लांबी सुमारे १६४ फूट व रुंदी ३१ फूट आहे. त्याच्या तळाखाली एक प्रशस्त दालन आहे. म्हणजे हौदाचा तळ तेच त्या दालनाचे छप्पर! हौदात केवळ एक फूट पाणी आहे असे धरले, तरी त्याचे वजन सुमारे १४० टन भरेल. हा भार भक्कम खांबांनी व कमानींनी पेलला आहे. एवढे पाणी डोक्यावर घेऊन कोणी निश्चिंतपणे झोपेल काय? येथे वाटसरू खुशाल विसावत. ऊन छपरावर पडे, परंतु त्याची उष्णता आधी पाण्यात मुरे. पाण्याची वाफ होताना ती पुष्कळशी उष्णता घेऊन जाई. बाहेर झळा लागत असता आत गारवा राही. उरलेले पाणी शेवटी खाम नदीस मिळे.

ही सारी रचना त्या लांबवरच्या नळावर अवलंबून आहे. शहर वाढत गेले, तसे खोदकामात जुने नळ ठिकठिकाणी फुटले. ज्या वर्षी पाऊस कमी, त्या वर्षी प्रवाहही रोडावतो. मग धार बारीक होते, जाते थांबते; आणि हौद आटला, तर ऊन थेट त्याच्या तळावर पडून खालचे दालनही तापू लागते.