जगायला गेलेल्यांचे सण

मनुष्य गाव सोडतो तेव्हा आपली भाषा, आपले खाणे आणि आपले सण बरोबर नेण्याची त्याची धडपड असते. यांपैकी सण नेणे सर्वांत कठीण. भाषा एकट्यालाही मनाशी बोलता येते. सणाला मात्र देव, दिवस आणि माणसे अशी तीन अंगे लागतात. परमुलखात गेल्यावर यांतले काय बरोबर येते आणि काय मागे राहते, याचा थोडा विचार या लेखात करावयाचा आहे.

प्रथम दूरचे उदाहरण घेऊ. मॉरिशस बेटावर 1834 पासून उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेण्यात आले. त्यांत कोकणातील मराठी माणसेही होती. जहाजातून उतरल्यावर ज्या पायऱ्या ते चढले, तो पोर्ट लुईचा आप्रवासी घाट 2006 साली जागतिक वारसास्थळ ठरला. या मजुरांना परतीची वाट फारशी उरली नाही. म्हणून त्यांनी गणपती तिथेच बसविला. मातीची मूर्ती कुठल्याही मातीची होते आणि विसर्जनाला कुठलेही पाणी चालते. आज त्या देशात गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. म्हणजे देव, दिवस आणि माणसे ही तिन्ही अंगे तिथे पुन्हा उभी राहिली.

अमेरिकेतील मराठी मंडळींची गोष्ट निराळी. तिथे मंडळे आहेत, मूर्ती आहेत, मोदकही आहेत. अडतो तो दिवस. थंडीत न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असते, त्यामुळे तिथी कधी कधी तारखेलाच चुकवते. त्यातून सण कामाच्या दिवशी आला, तर सार्वजनिक कार्यक्रम शनिवार-रविवारवर ढकलावा लागतो. तरी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. तिथला मनुष्य सण पुढे ढकलतो, कारण शनिवार त्याच्या स्वतःच्या मालकीचा असतो.

तिसरा प्रकार मुंबईच्या चाकरमान्यांचा. ते सण बरोबर नेत नाहीत. सणच त्यांना गावी ओढून नेतो. भाद्रपदात कोकणाकडे जाणाऱ्या जादा गाड्या आणि एस.टी.च्या रांगा ज्यांनी पाहिल्या असतील, त्यांना हे अधिक सांगणे नको.

आता आपल्या दाराशी येऊ. माझे गाव साखरशेत, तालुका जव्हार. आमच्या भागातून पोटासाठी बाहेर जाण्याला ‘जगायला जाणे’ म्हणतात. वास्तविक या दोन शब्दांतच सारा इतिहास आहे. कारण मागे राहिले तर जगणे कसे, हा प्रश्न त्यांत न बोलता येतो. एका पावसाच्या भातावर आणि नागलीवर वर्ष निघत नाही. म्हणून दिवाळी झाली, झोडणी उरकली की माणसे भिवंडी, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर निघतात. माझे आईवडीलही अनेक वर्षे गेले. हे अंतर मॉरिशसच्या मानाने काहीच नव्हे. तरीही भट्टीवर आमचा सण होत नाही. असे का?

पहिले कारण देवाचे. आमचा वाघदेव गावच्या शिवेवर उभा असतो. वाघबारसेला त्याची पूजा होते ती गुरांसाठी, रानासाठी आणि त्या शिवेसाठी. नव्या भाताशिवाय तारप्याच्या नाचाला अर्थ नाही. जो देव जमिनीला बांधलेला, तो गाठोड्यात कसा बांधावा? दुसरे कारण माणसांचे. भट्टीवर एका झोपडीत आमच्या गावचे, तर शेजारच्या झोपडीत भलत्याच तालुक्याचे जोडपे असते. होळीनंतरच्या दिवसांत जव्हार-मोखाड्याकडे बोहाडा होतो. त्यात संबळ-सनईच्या तालावर देवादिकांची सोंगे निघतात आणि अनेक सोंगे ठराविक घराण्यांकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली असतात. त्या घरचा मनुष्य आला नाही, तर त्याची जागा दुसऱ्याने सहज भरण्यासारखी नसते.

तिसरे आणि मुख्य कारण दिवसाचे. भट्टीवरच्या मजुराने हंगामापूर्वीच बयाणा उचललेला असतो. मजुरी हजार विटांच्या दराने. आठवड्याला हाती पडते ती फक्त खर्ची. सणाला काम थांबले तर वीट थापली जात नाही, आणि वीट नाही तर बयाणा फिटत नाही. म्हणून आमची माणसे वर्षातून एकच सण धरतात, तो होळीचा. त्या चार-पाच दिवसांसाठी भट्ट्या ओस पडतात, आठवड्याचा बाजार फुलतो, आश्रमशाळेतली मुले घरी येतात. आईवडील भट्टीवर, मोठी बहीण आश्रमशाळेत आणि धाकटा आजीजवळ, अशा विखुरलेल्या घरात सारी एका पेटत्या होळीभोवती उभी राहतात. मला तरी आमच्या होळीचा खरा अर्थ हाच वाटतो.

परंतु या आनंदालाही हिशेबाची किनार आहे. होळीसाठी कपडालत्ता आणि बाजारहाट करावा तर मालकाकडून पुन्हा उचल घ्यावी लागते; ती बयाण्यात मिळते, आणि होळीची राख थंड होण्याआधी माणसे परत निघतात. वेठबिगारी नष्ट करणारा कायदा 1976 साली झाला. तथापि एखादा मजूर खरोखर मोकळा आहे की नाही, याची एक साधी कसोटी मला सुचते : त्याला कोणाचे नवे कर्ज न घेता होळीला घरी जाता येते काय?

मॉरिशसच्या मराठी माणसाने दिवस मिळविला, तेव्हाच त्याचा सण त्या भूमीत रुजला. आमच्या माणसांना देव मिळवायचा नाही, तो शिवेवर आहेच. मिळवायचा आहे तो दिवस. भरपगारी सुट्टीचा आणि उचलीविना आलेला. विद्यार्थीमित्रांनी होळीच्या सुट्टीत गावी गेल्यावर नाचात सामील व्हावेच. पण घरच्या माणसाने भट्टीवरून आणलेला विटांचा आणि बयाण्याचा हिशेबही एकदा त्याच्याजवळ बसून वाचून पाहावा. शिकलेल्या मुलाने घरच्या सणाला घालावयाची ही पहिली भर होय.