घाम येत असला तरी ऊन लागतं

पिंपळगाव बसवंतच्या शिवारात उन्हाळ कांद्याची काढणी आणि सुट्टीला आलेली घरची माणसं यांची एकाच सुमारास गाठ पडते. एप्रिलमध्ये मजुरांची टोळी वेळेवर मिळत नाही, मग पुण्या-मुंबईहून आलेली पोरंही कामाला लागतात. माझा पुतण्या असाच आला होता. तिशीचा, धडधाकट, पण वर्षभर एसीत बसून काम करणारा. आल्याच्या दुसऱ्या दिवशी तो कांदाचाळ भरायला लागला. डोक्यावर तापलेले पत्रे, आत वाऱ्याची झुळूक नाही.

दुपारी त्याने पाटी खाली ठेवली आणि मला विचारलं, "काका, आपली गाडी किती वाजताची?" कुठे जायचंच नव्हतं. हात धरला तर अंग भाजत होतं आणि शर्ट घामाने चिंब होता. जवळचं कुणीतरी म्हणालं, "घाम येतोय ना, मग ऊन नाही लागलेलं. पित्त झालं असेल."

हा समज जिवावर बेतू शकतो, म्हणून हे लिहितो आहे. घाम आटणं ही खूण बहुतेक वेळा घरात तापत पडलेल्या म्हाताऱ्या माणसांत दिसते. कष्ट करताना उष्माघात झाला तर घाम बहुधा वाहतच असतो. बघायचं ते माणसाचं भान. असंबद्ध बोलणं, तोल जाणं, झटके, शुद्ध हरपणं, यातलं काहीही दिसलं आणि अंग तापलेलं असलं, तर उष्माघातच समजा.

आम्ही त्याला लिंबाच्या सावलीत आणलं, शर्ट काढला, विहिरीच्या मोटारीचा पाइप थेट अंगावर धरला. दोघं जण गोणपाटाने वारा घालत राहिले. 108 ला फोन केला, पण गाडी येईपर्यंत पाणी थांबवलं नाही. आधी गार करायचं, मग हलवायचं, कारण शरीर 40 अंशांच्या वर जितका वेळ राहील तितकी मेंदू, यकृत आणि मूत्रपिंडांची हानी वाढते. बर्फ मिळाला तर मान, काखा आणि जांघेत ठेवावा. भानावर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जातं. तापाची गोळीही देऊ नये. तापात मेंदू स्वतःच तापमान चढवून ठेवतो आणि गोळी ते उतरवते. उष्माघातात मेंदू उष्णता बाहेर टाकायला धडपडतच असतो, ती बाहेर जात नाही एवढंच.

ती बाहेर जाते मुख्यतः घाम सुकण्यातून. एक लिटर घाम अंगावर सुकला तर सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. निथळून खाली पडलेला घाम जवळजवळ काहीच नेत नाही. म्हणून वारा कोंडलेली चाळ मोकळ्या वाफ्यापेक्षा वाईट. 16 एप्रिल 2023 ला खारघरच्या महाराष्ट्र भूषण सोहळ्यात 14 जण गेले, तेव्हा पारा 38 च्या आसपासच होता. पण हवा समुद्राकाठची दमट, आणि लोक तासन्‌तास उघड्यावर बसलेले. नुसता पाऱ्याचा आकडा बघून निर्धास्त राहू नये.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे सवय. शरीराला ऊन अंगवळणी पडायला एक ते दोन आठवडे लागतात. त्या काळात रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर आणि जास्त सुटतो, आणि त्यातून मीठ कमी जातं. रोजचा मजूर जे ऊन सोसतो ते पाहुण्याला आडवं करतं, ते यामुळेच. नव्या माणसाला पहिल्या दिवशी पूर्ण कामाच्या पाचव्या हिश्श्याएवढंच काम द्या, पुढे रोज तेवढंच वाढवा. मुकादमांनीही हे पाळावं, विशेषतः टोळी नुकतीच गावी येते तेव्हा.

पाण्याचं म्हणाल तर तहान मागाहून लागते. त्याआधीच मूत्रपिंडं पाणी राखू लागतात आणि लघवी गडद पिवळी होते. ती खूण ओळखा. पण तासन्‌तास घाम गाळून नुसतंच जारचं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं, डोकं दुखतं, ओकाऱ्या होतात, प्रसंगी मेंदूला सूज येते. अधूनमधून मीठ घातलेलं ताक किंवा लिंबू सरबत घ्या. ओआरएसचं एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच मिसळा, पेल्यात अंदाजाने नको. त्यातली साखर चवीसाठी नसते, आतडं तिच्यासोबतच मीठ आणि पाणी आत ओढून घेतं.

खिशात कांदा ठेवायची आपल्याकडे जुनी रीत आहे. ठेवा, पण त्याच्या भरवशावर टोपी आणि सावली सोडू नका.

पुतण्या वाचला. तरी डॉक्टरांनी त्याला पुढचे काही आठवडे उन्हातलं काम बंद केलं, कारण एकदा उष्माघात झालेलं शरीर काही काळ उष्णतेपुढे लवकर हार मानतं. घरात कुणाला रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर त्यांनी काढणी सुरू व्हायच्या आधीच डॉक्टरांना विचारून घ्यावं. ती गोळी मनाने बंद करू नये. बाजार समितीबाहेर ट्रॅक्टरच्या रांगेत दुपार काढणाऱ्यांत अशी वयस्क माणसं बरीच असतात, आणि त्यांच्याजवळ बहुधा पाण्याची एकच बाटली असते.