कापूस-बाजाराची खतावणी आणि संगणक

खामगांवच्या कापूस-बाजारांतील अडत्याच्या वह्या आमच्या विद्यार्थ्यांनीं पाहिल्या असतील. एकींत शेतकऱ्याचें नांव, दुसरींत काटापट्टी, तिसरींत चुकारा. खातें-क्रमांकावरून तिन्हींचा मेळ. एडगर कॉड ह्यांनीं इ. स. १९७० मध्यें संगणकासाठीं मांडलेल्या संबंधाधिष्ठित पद्धतीचें मर्म आम्हांस येथेंच दिसतें : नांव एकदांच लिहावें, इतरत्र केवळ क्रमांक यावा.

ह्या पद्धतीचीं साधनें अनेक. लोक प्रथम किंमत विचारतात. आम्ही विचारूं, लिहिणारे हात किती? एकट्या अडत्यास एसक्यूलाइट पुरे. तें एकाच फायलींत राहतें, मात्र एका वेळीं एकासच लिहूं देतें. चार मुनीम एकदम लिहीत असतील तर पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएल घ्यावें. दोन्ही विनामूल्य मिळतात. ओरॅकलच्या परवान्याचा खर्च मोठ्या पेढ्यांनींच सोसावा.

पण खरी कसोटी वीज जाते तेव्हां. चुकाऱ्याची रक्कम एका खातीं नांवें पडली, आणि शेतकऱ्याच्या खातीं जमा होण्यापूर्वीं अंधार झाला, तर ती अर्धी नोंद आपोआप रद्द झालीच पाहिजे. मायएसक्यूएलची जुनी मायआयसॅम रचना हें करीत नसे. इ. स. २०१० च्या ५.५ आवृत्तीपासून इनोडीबी ही तिची मूळ रचना झाली. तरी पूर्वीचीं कोष्टकें आपोआप बदलत नाहींत. तीं व्यापाऱ्यानें हंगामापूर्वींच तपासून घ्यावींत; हरवलेला चुकारा शेतकऱ्याचा असतो.